तीन फुल्या आणि एक घरपट्टी

पुण्या-ठाण्याहून वर्क व्हिसावर लंडनला गेलेल्या घरात पहिल्या वर्षभरात एक पत्र हमखास येतं. पत्र स्थानिक कौन्सिलचं असतं. घरात कोण कोण राहतं, प्रत्येकाचं नागरिकत्व कोणतं ते कळवा आणि मतदार यादीत नाव नोंदवा, असं त्यात लिहिलेलं असतं. बहुतेक जण ते पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर बाजूला टाकतात. खिशात अशोकस्तंभाचा पासपोर्ट, तेव्हा इथल्या मतदानाशी आपला काय संबंध? मग आणखी पत्रं येतात आणि एकात सांगितलेलं असतं की बजावूनही नाव नोंदवलं नाही, तर ८० पौंड दंड होऊ शकतो. मग मित्रांना फोन जातात. "अरे, तुला पण आलं का हे? आपल्याला इथे मत आहे?"

आहे. आणि त्या एका मतानं लंडनच्या एका बरोत, म्हणजे शहराच्या एका भागात, काय काय होऊ शकतं, ते या प्रकरणात पाहू.

१. भारतीयाला तिथे मत कसं?

राष्ट्रकुलामुळे. ब्रिटनच्या निवडणूक कायद्यात भारताचा नागरिक अमेरिकन किंवा जपानी माणसासारखा पूर्ण परका नसतो. साम्राज्य गेलं, पण राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांचा मताधिकार तसाच राहिला. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या प्रौढ भारतीयाला नगरसेवकापासून खासदारापर्यंत सगळ्या निवडणुकांत मत देता येतं. इंग्लंडमध्ये वीस वर्षं राहिलेल्या अमेरिकन माणसाला ते देता येत नाही. ही सवलत एकतर्फी आहे. पुण्यात राहणाऱ्या इंग्रजाला पुणे महापालिकेत मत नाही. आणि लंडनच्या हाउन्स्लोत राहणाऱ्या पुणेकराला भारतात मत द्यायचं असेल, तर विमानाचं तिकीट काढून स्वतः केंद्रावर यावं लागतं. हाउन्स्लोत मात्र कोपऱ्यावरच्या शाळेत गेलं की झालं.

निवडणूक लढवायची असेल, तर अट थोडी कडक आहे. भारतीयाला बेमुदत वास्तव्याचा परवाना लागतो. बाकी अटी साध्या आहेत. वय १८ पूर्ण हवं आणि त्या भागाशी नातं हवं. हे नातं फक्त राहण्याचंच असायला हवं असं नाही. वर्षभर तुमचं मुख्य कामाचं ठिकाण त्या बरोत असेल, तरी चालतं. अनामत रक्कम नाही. एक सूचक आणि एक अनुमोदक मिळाला की अर्ज तयार.

या दारातून आत गेलेल्यांत एक नाव आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. पुढे भारताचे संरक्षणमंत्री झालेले व्ही. के. कृष्ण मेनन १९३४ ते १९४७ या काळात लंडनच्या सेंट पँक्रस बरोचे नगरसेवक होते. एकीकडे भारताच्या स्वातंत्र्यासाठी इंग्रजांशी भांडण आणि दुसरीकडे त्याच इंग्रजांच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयांची काळजी, असा त्यांचा दुहेरी संसार होता. १९५५ मध्ये त्या बरोनं त्यांना आपलं मानाचं नागरिकत्व दिलं. जॉर्ज बर्नार्ड शॉ हेही एके काळी त्याच सेंट पँक्रसचे नगरसेवक होते.

२. बरो म्हणजे नक्की काय?

मूळ शब्द तटबंदीच्या गावाचा. आपल्याकडे 'कोट' म्हणतात, तसं काहीसं. पुढे राजाची सनद मिळालेलं आणि आपला कारभार आपण पाहणारं गाव म्हणजे बरो, असा अर्थ रूढ झाला. १८३५ च्या कायद्यानं १७८ जुन्या बरोंना निवडून आलेली कौन्सिलं मिळाली. त्याआधी कित्येक ठिकाणी सत्तेवरचे लोक रिकाम्या जागेवर आपलाच माणूस नेमत. लंडन या कायद्यातून बाहेर राहिलं. आजचे लंडनचे ३२ बरो १९६५ पासूनचे आहेत.

लंडन हा एक भला मोठा वाडा समजा. वाड्यात ३२ बिऱ्हाडं. ('सिटी ऑफ लंडन' हा जुना गाभा वेगळा, ते तेहतिसावं आणि फारच मानी बिऱ्हाड आहे.) प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळी आणि हिशेबाची वही वेगळी. कचरा उचलणं, गल्लीतले खड्डे, दिवे, बागा, वाचनालयं, बांधकाम परवाने, पार्किंग, गरिबांसाठीची घरं, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांची देखभाल, ही त्या बिऱ्हाडाची कामं. दिंडी दरवाजा मात्र सामाईक. मेट्रो, लाल बस आणि अग्निशमन दल या गोष्टी लंडनच्या महापौराकडे असतात. सरकारी दवाखाने देशाच्या आरोग्यसेवेकडे. आणि पाणी? नळाला पाणी आलं नाही म्हणून लंडनमध्ये कुणी नगरसेवकाच्या दारात हंडा घेऊन जात नाही. पाणी खासगी कंपनी पुरवते. आपल्या नगरसेवकाची निम्मी पुण्याई टँकरवर उभी असते. तिथे ती सोय नाही.

नगरसेवकाला सगळ्यांत जास्त ऐकून घ्यावं लागतं ते म्हाताऱ्यांच्या देखभालीबद्दल नव्हे, तर कचऱ्याच्या डब्याबद्दल. बरोच्या पैशांतला मोठा वाटा वृद्ध, अपंग आणि निराधार मुलांवर खर्च होतो, पण तो बहुतेकांना दिसत नाही. डबा मात्र दर आठवड्याला दिसतो.

३. कारभारी कोण?

इथे मराठी वाचकाचा गोंधळ होतो. मुंबई-पुण्यात नगरसेवक ठराव करतात आणि कारभार आयुक्त चालवतात. आयुक्त राज्य सरकारनं पाठवलेले असतात. इंग्लंडच्या बरोत असा आयुक्त नसतो. मुख्य अधिकारी असतो, पण तो कौन्सिलचा नोकर असतो. त्याची नेमणूक नगरसेवक करतात. निवडून आलेल्यांतला बहुमताचा गट आपला एक 'लीडर' निवडतो. लीडर सात-आठ सहकारी घेऊन छोटं मंत्रिमंडळ बनवतो. एकाकडे घरं, एकाकडे रस्ते, एकाकडे पैसा. म्हणजे राज्यातल्या मुख्यमंत्र्यासारखीच रचना, फक्त गावाच्या मापाची.

महापौर असतोच. गळ्यात सोन्याची साखळी, फिती कापणं, शाळेच्या गॅदरिंगला अध्यक्षपद. बहुतेक बरोंत त्याच्या हाती सत्ता नसते. न्यूहॅम, हॅकनी, लुइशॅम, टॉवर हॅम्लेट्स आणि क्रॉयडन हे पाच अपवाद आहेत. तिथे लोक महापौर थेट निवडतात आणि सत्ता त्याच्याच हाती असते.

इंग्रजांनी १८८८ च्या कायद्यानं मुंबईच्या कारभाराच्या चाव्या सरकारी आयुक्ताच्या कमरेला बांधल्या. ही व्यवस्था त्यांनी आपल्यासाठी केली, स्वतःच्या घरात कधी ठेवली नाही. आपण ती अजून जपतो आहोत, हे मला फार अभिमानाचं वाटत नाही.

४. वॉन्ड्सवर्थची गोष्ट: एका बिलानं जिंकलेली निवडणूक

आता एक बरो जवळून पाहू. टेम्सच्या दक्षिण काठावर वॉन्ड्सवर्थ आहे. बॅटरसी, पटनी, बॅलम, टूटिंग हे त्याचे भाग. चार धुराड्यांचं बॅटरसी पॉवर स्टेशन तिथलंच. जमशेटजी टाटांचे भाचे शापुरजी सकलातवाला १९२२ मध्ये याच बॅटरसीच्या उत्तर भागातून खासदार झाले. मुंबईत जन्मलेला हा पारशी गृहस्थ कम्युनिस्ट होता. म्हणजे हा भाग एके काळी चांगलाच तांबडा होता.

आपली जुनी वर्तमानपत्रं ज्यांना हुजूर पक्ष आणि मजूर पक्ष म्हणत, त्या काँझर्व्हेटिव्ह आणि लेबर यांच्यातच इथली मुख्य लढत. मी तीच नावं वापरतो. १९७८ मध्ये वॉन्ड्सवर्थ हुजूर पक्षाकडे गेलं. १९८६ मध्ये ते जवळजवळ हातचं गेलं होतं. हुजूर ३१, मजूर ३०. एका जागेवर सत्ता टिकली.

पुढची निवडणूक मे १९९० ची. तोवर हुजूर पक्षाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी इंग्लंडात नवी पट्टी आणली होती. जुनी पट्टी घराच्या अंदाजी भाड्यावर होती. नवी पट्टी डोक्यावर. बंगल्यातल्या सरदारालाही तेवढीच आणि दोन खोल्यांतल्या झाडूवाल्यालाही तेवढीच. लोक तिला 'पोल टॅक्स' म्हणत. पोल म्हणजे डोकं. मतदानाचा 'पोल'ही मुळात याच डोकी मोजण्यातून आला. आपण तिला डोईपट्टी म्हणू. देशभर आगडोंब उसळला. ३१ मार्च १९९० ला लंडनच्या ट्रफाल्गर चौकात दंगल झाली. देशात डोईपट्टीची सरासरी होती माणशी ३६० पौंडांच्या आसपास. ती ठरवायची प्रत्येक कौन्सिलनं.

वॉन्ड्सवर्थनं ठरवली १४८ पौंड.

निकाल लागला तेव्हा सरकारी पक्ष देशभर आपटला होता. वॉन्ड्सवर्थमध्ये मात्र हुजूर ४८, मजूर १३. एका जागेच्या बहुमतावरून थेट पस्तीस जागांच्या आघाडीवर. पक्षाच्या अध्यक्षांनी पत्रकारांसमोर हरलेली गावं सोडून वॉन्ड्सवर्थ आणि वेस्टमिन्स्टरचाच जप केला. पुढच्या वर्षी केंद्र सरकारनं लोकांना शांत करण्यासाठी प्रत्येक बिलात १४० पौंडांची सूट दिली. आधीच कमी असलेलं वॉन्ड्सवर्थचं बिल शून्यावर आलं. थॅचर यांचं पद त्याआधीच, नोव्हेंबर १९९० मध्ये गेलं होतं.

डोईपट्टी १९९३ मध्ये संपली आणि तिच्या जागी 'कौन्सिल टॅक्स' आला. तो पुन्हा घरावर. घरांचे 'ए' ते 'एच' असे आठ पट्टे. मधला 'डी' हा मोजमापाचा दगड. 'ए'ला त्याच्या दोन-तृतीयांश, 'एच'ला दुप्पट. कौन्सिलनं डी पट्ट्यासाठी १२०० पौंड ठरवले, तर सर्वांत लहान घराला ८०० आणि राजवाड्याला २४००. म्हणजे किमतीत पन्नासपट फरक असला, तरी पट्टीत फक्त तिप्पट. गंमत अशी की घराचा पट्टा ठरतो १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर. काल बांधलेल्या इमारतीचीही किंमत काढताना विचारतात, ही १९९१ मध्ये असती तर किती रुपयांना, म्हणजे पौंडांना गेली असती? पुनर्मूल्यांकनाला हात घालायची हिंमत इंग्लंडात कुठल्याच सरकारला झालेली नाही. मुंबईतल्या पागडीच्या चाळींची भाडी आठवा, म्हणजे कारण सांगावं लागणार नाही.

वॉन्ड्सवर्थ पुढची तीस वर्षं देशातल्या सर्वांत कमी घरपट्टीच्या बरोंमध्ये राहिलं आणि हुजूर पक्षाकडेच राहिलं. टूटिंगचे नगरसेवक म्हणून १९९४ मध्ये तिथे निवडून आलेले सादिक खान पुढे लंडनचे महापौर झाले, पण त्यांच्या बरोत त्यांचा मजूर पक्ष विरोधातच बसला. २०२२ मध्ये चित्र उलटलं. मजूर ३५, हुजूर २२, अपक्ष १. चव्वेचाळीस वर्षांनी सत्ता बदलली. मजूर पक्षानं त्या वेळी दिलेलं मोठं आश्वासन होतं, घरपट्टी आहे तेवढीच कमी ठेवू.

५. तीन फुल्यांचं गणित

लंडनच्या बऱ्याच वॉर्डांत तीन नगरसेवक असतात. काही ठिकाणी दोन, क्वचित एक. तीन जागा असतील, तर मतदाराला मतं तीन. पुण्याच्या मतदाराला हे ओळखीचं वाटेल, कारण त्याच्याही प्रभागात चार नगरसेवक असतात. पण फरक मोठा आहे. पुण्यात अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या जागा आणि चार वेगळ्या लढती असतात. काही जागा राखीव. लंडनमध्ये एकच लांब यादी असते आणि आरक्षण नसतं. यादीतल्या कुठल्याही तीन नावांपुढे फुली मारा. पहिले तीन निवडून येतात.

यातून काय होतं ते छोट्या हिशेबानं पाहू. वॉर्डात ३००० मतदार आले. १३०० तांबड्या पक्षाचे, ११०० निळ्याचे, ६०० हिरव्याचे. बहुतेक लोक तिन्ही फुल्या आपल्याच पक्षाच्या तीन नावांपुढे मारतात. तांबड्याच्या तिघांना प्रत्येकी साधारण १३००, निळ्याच्या तिघांना ११००, हिरव्याच्या तिघांना ६००. पहिले तिघे कोण? तिन्ही तांबडे. शंभरातल्या त्रेचाळीस जणांनी तिन्ही जागा नेल्या आणि उरलेल्या सत्तावन्न जणांना एकही नाही.

असं वॉर्डामागून वॉर्ड झालं तर? बार्किंग अँड डॅगनम या बरोत २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२ अशा सलग चार निवडणुकांत मजूर पक्षानं ५१ पैकी ५१ जागा जिंकल्या. लुइशॅममध्ये २०१८ आणि २०२२ ला ५४ पैकी ५४. तिथे इतर पक्षांना मतं मिळत नाहीत असं नाही, पण सभागृहात 'माझा विरोध आहे' म्हणायला एक माणूस उरत नाही.

दुसरा हिशेब जरा वाकडा आहे. तीन वॉर्ड घ्या, प्रत्येकी १००० मतदार. पहिल्यात तांबडे ७००, निळे ३००. दुसऱ्या-तिसऱ्यात तांबडे ४८०, निळे ५२०. एकूण मतं: तांबडे १६६०, निळे १३४०. जागा: तांबडे ३, निळे ६. मतं कुणाची जास्त आणि सत्ता कुणाची, बघा. हे कागदावरचं गणित वाटेल, पण वॉन्ड्सवर्थमध्ये २०१८ ला घडलं. बरोभरात मजूर पक्षाची मतं किंचित जास्त होती, तरी ६० पैकी ३३ जागा आणि सत्ता हुजूर पक्षाकडे. लोकशाहीच्या माहेरघरी अजून ही पद्धत टिकून आहे, याचं मला नवल वाटतं. टिकण्याचं कारण उघड आहे. ती बदलणं ज्यांच्या हाती, तेच तिच्यावर निवडून आलेले असतात.

जाता जाता एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. मतपत्रिकेवर नावं आडनावांच्या वर्णक्रमानं असतात. एकाच पक्षाच्या तिघांत वरच्या अक्षराच्या उमेदवाराला खालच्यापेक्षा बरेचदा थोडी जास्त मतं पडतात. लोक वरून खाली येत फुल्या मारतात आणि कधी कधी दमतात. चुरशीच्या वॉर्डात आपटे निवडून येतात आणि झेंडे पडतात.

६. दार, लेटरबॉक्स आणि कालथा

प्रचारात भोंगे नाहीत, रिक्षा नाहीत, चौकात बॅनर नाहीत. दारोदार फिरणं हाच मुख्य प्रचार. हातात मतदार यादी, कोटावर पक्षाच्या रंगाचं फितीचं फूल. घंटी वाजवायची आणि विचारायचं, "आम्हाला मत देणार का?" उत्तर यादीत टिपून घ्यायचं. दार उघडलं नाही, तर पत्रक आत टाकायचं. पत्र टाकायची फट कधी कधी दाराच्या अगदी तळाशी असते, तिला कडक स्प्रिंग असते आणि आतल्या बाजूला कुत्रं वाट पाहत असतं. म्हणून अनुभवी कार्यकर्ते स्वयंपाकघरातला लाकडी कालथा बरोबर नेतात. पत्रक कालथ्याला लावायचं, आत ढकलायचं. दात बसलेच, तर लाकडावर बसतात.

खर्चाला मर्यादा आहे. उमेदवारामागे ९६० पौंड आणि वॉर्डातल्या प्रत्येक मतदारामागे ८ पेनी. मतदार १०,००० असले तर ९६० अधिक ८००, म्हणजे १७६० पौंड. आपल्या पैशांत दोन लाखांच्या आत-बाहेर. एकाच पक्षाचे तिघे एकत्र उभे असतील, तर प्रत्येकाची मर्यादा एक-तृतीयांशानं कमी होते. आपल्याकडच्या एखाद्या वॉर्डात एवढे पैसे मिसळ आणि मंडपात जातात.

आचारसंहितेसारखा काळ तिथेही असतो. कौन्सिलच्या पैशानं कुणाची जाहिरात होऊ नये म्हणून निवडणुकीआधी काही आठवडे कार्यालय तोंड मिटून बसतं. या काळाला ब्रिटनचे सरकारी बाबू कित्येक वर्षं 'पर्दा' म्हणत आले आहेत. हा आपला पडदाच, साम्राज्यातून घरी नेलेला.

७. गुरुवार

तारीख कायद्यानंच ठरलेली. मे महिन्यातला पहिला गुरुवार, लंडनच्या बरोंत दर चार वर्षांनी: २०१८, २०२२, २०२६. (इंग्लंडातल्या इतर कित्येक बरोंत एक-तृतीयांश जागांसाठी चारपैकी तीन वर्षं निवडणूक होते.) करोनामुळे २०२० च्या निवडणुका वर्षभर पुढे गेल्या, तेव्हा त्यासाठी कायदा करावा लागला. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं तिथे प्रशासक बसला होता, याची वाचकाला मी आठवण करून द्यायला नको.

सुट्टी नसते. केंद्र सकाळी ७ ते रात्री १० उघडं. शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये, काही ठिकाणी तर पबमध्ये. लोक कुत्र्याला फिरवता फिरवता येतात. दाराबाहेर पक्षांचे कार्यकर्ते खुर्ची टाकून बसतात आणि तुमचा यादीतला क्रमांक विचारतात. सांगणं बंधनकारक नाही. आपला कोण मतदार अजून आलेला नाही, हे त्यांना कळायला हवं असतं, म्हणजे संध्याकाळी त्याच्या दारावर थाप मारता येते. ही विद्या आपल्या बूथवरच्या मंडळींना शिकवावी लागणार नाही.

आत मशीन नाही. कागद, आडोसा आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. बोटाला शाई नाही. २०२३ पर्यंत तर ओळखपत्रही लागत नव्हतं. नाव आणि पत्ता सांगितला की कागद मिळत होता. आता फोटोचं ओळखपत्र लागतं. गुप्त मतदानही तिथे उशिरा, १८७२ च्या कायद्यानं आलं. त्याच वर्षी पॉन्टिफ्रॅक्टच्या पोटनिवडणुकीत पहिल्यांदा गुप्त मतं पडली, तेव्हा मतपेटी सील करायला गावातल्या ज्येष्ठमधाच्या गोळ्यांच्या कारखान्याचा शिक्का वापरला होता.

८. गवताचा झगा

रात्री १० ला केंद्रं बंद झाली की पेट्या क्रीडासंकुलात नाहीतर टाउन हॉलमध्ये येतात. आधी फक्त कागद मोजतात: दिलेले किती, पेटीत आले किती. मग खरी मोजणी.

तीन फुल्यांचा कागद मोजणं सोपं नाही. आधी एकाच पक्षाच्या तिघांना तिन्ही फुल्या दिलेले कागद वेगळे काढतात. त्यांचे गठ्ठे बांधले की काम झालं. वैताग असतो मिसळ कागदांचा. एक फुली तांबड्याला, एक हिरव्याला, एक शेजारच्या ओळखीच्या बाईंना. हे कागद मोठ्या तक्त्यावर एकावर एक असे लावतात, की प्रत्येकाची फक्त फुल्यांची उभी पट्टी दिसावी. नावांच्या ओळी एका रेषेत येतात. मग आडवं बोट फिरवत एकेका नावाच्या फुल्या मोजायच्या: या तक्त्यावर आपटे ९, पुढच्या तक्त्यावर ११. लटकणाऱ्या पट्ट्यांमुळे मोजणारे याला 'ग्रास स्कर्ट', गवताचा झगा म्हणतात. टेबलाच्या पलीकडे उमेदवार मान उंच करून उभे असतात. हात लावायला मनाई.

फुल्या जास्तीत जास्त तीन. चार मारल्या तर कागद बाद. एकच मारली, तर चालते. मतदाराचा कौल स्पष्ट असेल, तर फुलीऐवजी बरोबरची खूणही धरतात.

आणि बरोबरी झाली तर? पुन्हा मोजणी, पुन्हा मोजणी, मग नशीब. मे २०१७ मध्ये नॉर्थम्बरलँड काउंटीच्या साउथ ब्लाइथ वॉर्डात दोघांना ३५६-३५६ मतं पडली. दोनदा मोजूनही आकडा हलेना. शेवटी काड्या ओढल्या. हुजूर पक्षाचा उमेदवार हरला. त्या कौन्सिलात ६७ जागा होत्या आणि हुजूर पक्षाला मिळाल्या ३३. बहुमत एका काडीनं गेलं.

९. वाकडी वाट

इंग्रज निवडणुका म्हणजे सगळा सोवळ्यातला कारभार, असं समजू नये. वेस्टमिन्स्टर बरो हुजूर पक्षानं १९८६ मध्ये थोडक्यात राखला. मग लीडर शर्ली पोर्टर यांच्या गटानं आठ चुरशीचे वॉर्ड निवडले. तिथली कौन्सिलची भाड्याची घरं रिकामी झाली की गरीब भाडेकरूंना न देता विकायची, म्हणजे आपल्याला मत देतील असे घरमालक तिथे राहायला येतील. १९९० मध्ये पक्ष दणक्यात जिंकला. सरकारी हिशेबतपासनीसानं मात्र पाठ सोडली नाही. २००१ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायपीठानं हे बेकायदा ठरवलं. पोर्टर यांना अखेर २००४ मध्ये १२.३ दशलक्ष पौंड भरावे लागले. टॉवर हॅम्लेट्समध्ये तर चार साध्या मतदारांनी अर्ज केला आणि २०१५ मध्ये निवडणूक न्यायालयानं महापौर लुत्फुर रहमान यांची आदल्या वर्षीची निवडणूक रद्द केली, वर पाच वर्षं बंदी घातली. २०२२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं.

स्थानिक निवडणुकीत बहुतेक वेळा तिघांतला एकच मतदार घराबाहेर पडतो, जरा बरं वर्ष असेल तर पाचांतले दोन. म्हणूनच शंभर-दोनशे मतांनी वॉर्ड फिरतात. तुमचा मुलगा, सून किंवा भाची लंडनला असेल, तर पुढच्या व्हिडिओ कॉलवर एवढं सांगा: नाव नोंदवायची मुदत मतदानाच्या १२ कामकाजाच्या दिवस आधी संपते, ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो, पेन्सिल तिथे मिळते, आणि फुल्या किती मारायच्या ते मतपत्रिकेच्या वरच लिहिलेलं असतं.